डब्ल्यू म्हणजे हिवाळा

फैजपूरहून चोपड्याकडे, यावल सोडलं की डाव्या हाताला
जुम्मा तडवीचं गॅरेज.
पत्र्याखाली मे महिना.
उन्हात राहिलेला पाना फडक्यानंच उचलायचा.

ब्याण्णव हजार तीनशे किलोमीटर.
मी गाडीचं पुस्तक आणलं होतं, पान दुमडून.
फाइव्ह डब्ल्यू थर्टी, असं त्यात छापलेलं.
जुम्माभाई म्हणाला, पुस्तक लिहिणारा इकडं कधी आला नाही.
फोर्टी टाका मॅडम, आपल्या उन्हाला जाडच बरं.

मागच्या सीटवर आप्पा,
दोन्ही दारं उघडी टाकून, टोपीनं वारा घेत.

डब्ल्यू म्हणजे हिवाळा.
त्याच्या अलीकडचा आकडा गारठ्याचा:
पहिल्या चावीला तेल किती लवकर जागं होतं.
आमचा गारठा तो काय,
डिसेंबरातल्या चार पहाटा,
निसवायला आलेली केळ अडते, तेवढ्याच.
पलीकडचा आकडा तापल्यावरचा,
तो शंभर अंशांवर मोजतात.
म्हणजे इंजिनाच्या पोटात
आमचं शेहेचाळीस सावलीतच जमा.

जुम्माभाईनं डिपस्टिक ओढली, फडक्यावर टेकवली.
काळंभोर.
खराब झालं, मी म्हटलं.
‘काळं म्हणजे खराब नाही मॅडम,
मळ अंगावर घेतला त्यानं.
कोरंच राहिलं असतं तर समजायचं, बसून पगार खात होतं.’

मग त्यानं भाव सांगितले.
काचेमागचा फुल सिंथेटिकचा डबा, साडेतेवीसशे.
खालच्या फळीवरचा त्याच्या निम्म्यात.
आणि कोपऱ्यात नळ लावलेला ड्रम, सुटं.

सुटं म्हटल्याबरोबर आप्पा खाली उतरले.

सावद्याच्या ऑइल मिलमध्ये छत्तीस वर्षं.
मी चोपड्याच्या दवाखान्यात रक्त तपासते,
माझ्याकडे मशीन आहे, पट्ट्या आहेत, सही करायला डॉक्टर आहे.
त्यांची प्रयोगशाळा अंगठा आणि तर्जनी.
थेंब चोळायचे, कानाशी न्यायचे,
(कानाशी का, ते कधी सांगितलं नाही)
मग नाकाशी.
‘सरकी मिसयेल हाये.’
की टँकर आल्या वाटेनं परत.
एकदा शेठच्या मेव्हण्याचाच परत गेला.
त्या दिवाळीला आम्हाला बोनस नव्हता.

ड्रमचा थेंब त्यांनी चोळला. कान. नाक.
‘जुनं मिसयेल हाये.’
जुम्माभाई हसला, नळ घट्ट केला,
ते ट्रॅक्टरवाल्यांसाठी हो, म्हणाला.

मग डब्याचं सील फोडलं.
पातळ, मधासारखं, बोटावर उभं राहीना.
आप्पांनी चोळलं. कान. नाक.
पुन्हा नाक.
‘याले वासच नाही.’
‘कशाचं हाये हे?’
कशाचं असं नाही आप्पा. घडवलेलं असतं,
कण न् कण एका मापाचा.
‘म्हंजे बी नाही?’
बी नाही.
‘मंग पेंड कशाची निंघते?’

जुम्माभाईनं माझ्याकडं पाहिलं,
मी पुस्तकाकडं.

थर्टीच टाकायला सांगितलं.
पुस्तकात आहे म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी,
ते मी जुम्माभाईला सांगितलं नाही.
झीज म्हणे सगळ्यात जास्त पहिल्या चावीलाच होते,
तेल वर चढेपर्यंतच्या त्या क्षणांत.
सकाळी सहाला मी निघते, तेव्हा आप्पा उठत असतात.
खाटेच्या कडेला बसून राहतात,
पाय जमिनीला लावून,
गुडघ्यांत काहीतरी उतरायची वाट बघत.
मी चावी हातात धरून उभी असते.
घाई आहे असं दाखवत नाही.

डब्यात अर्धा लिटर उरलं.
आप्पांनी झाकण फिरवलं, डबा मांडीवर घेतला,
घरच्या बिजागऱ्या मोजल्या तोंडानं, अकरा.
बोटाला राहिलेलं टाचेच्या भेगेला लावलं.

साकळीपर्यंत कुणी बोललं नाही.
इंजिनाचा आवाज खरंच कमी झाला होता
की साडेतेवीसशे रुपयांचा तो कान होता, कोण जाणे.
आप्पा मधून मधून बोट हुंगत होते.
किनगावच्या फाट्यावर म्हणाले,
‘काहीतरी मिसयेल आसंनच.
मले घावलं नाही, एवढंच.’